पालीचे गुरुजी : धर्मानंद कोसंबी

ज्या भाषेत आपण दररोज त्रिशरण आणि पंचशील म्हणतो त्या पाली भाषेला स्वतःची अशी लिपी नाही. सिंहलद्वीपात ती सिंहली अक्षरांत लिहिली गेली, ब्रह्मदेशात तिथल्या अक्षरांत, सयामात सयामी अक्षरांत. युरोपातील पंडितांनी ती रोमन लिपीत छापली. जिच्यातून तथागतांचा उपदेश जगभर गेला त्या भाषेची अक्षरओळख करून देणारा शिक्षक महाराष्ट्रात मात्र एकोणिसावे शतक संपत आले तरी सापडणे दुरापास्त होते. ही उणीव ज्या एका माणसाने आपले सारे आयुष्य खर्ची घालून भरून काढली ते आचार्य धर्मानंद दामोदर कोसंबी होत. स्मरणिकेत भाषेच्या एखाद्या दिवंगत गुरूचे स्मरण व्हावे असे ठरले, तेव्हा आम्हांला त्यांच्याखेरीज दुसरे नाव सुचले नाही. आम्ही त्यांना पाहिलेले नाही. तरीही आपल्या शाळेत पालीची वही उघडणारे प्रत्येक मूल त्यांच्या वर्गातलेच आहे, असे आम्ही मानतो.

९ ऑक्टोबर १८७६ रोजी गोव्यातील साखवाळ या गावी, पोर्तुगीज अंमलाखालील मुलखात, एका सारस्वत ब्राह्मण कुटुंबात त्यांचा जन्म झाला. शालेय शिक्षण म्हणावे तर ते नाममात्रच. प्रकृती नाजूक, गावात शाळेची सोय तोकडी. मराठी वाचता-लिहिता येऊ लागले आणि मुलगा घरच्या नारळीच्या बागायतीत गुंतला. इंग्रजी नाही, संस्कृत नाही. चौदा-पंधराव्या वर्षी बाळाबाईंशी लग्न झाले. अशा या तरुणाच्या हाती मुलांसाठी निघणारे ‘बालबोधमेवा’ नावाचे एक मराठी मासिक आले आणि त्यातील बुद्धाच्या छोट्याशा चरित्राने त्याला झपाटून टाकले. हे मासिक अमेरिकन मिशनऱ्यांचे होते. ज्या समाजाने आपल्या घरातून बुद्धाला हद्दपार केले त्या समाजातल्या मुलाला तो पुन्हा भेटावा तो ख्रिस्ती मिशनऱ्यांच्या बालमासिकात, ही गोष्ट इतिहासाच्या विद्यार्थ्यांनी विसरू नये. मुलांसाठीच्या मासिकांना कमी लेखणाऱ्या पालकांनीही ती ध्यानात ठेवावी.

१८९९ च्या अखेरीस त्यांनी घर सोडले. त्याच वर्षी त्यांना पहिली मुलगी, माणिक, झाली होती. तान्ह्या मुलीला घेऊन मागे राहिलेल्या बाळाबाईंनी ती वर्षे कशी काढली असतील, याचा विचार चरित्रकार सहसा दोन ओळींत उरकतात. आम्हांला तसे करवत नाही. ज्ञानासाठी घर सोडणाऱ्या पुरुषांची चरित्रे आपण मुलांना मोठ्या कौतुकाने सांगतो. ज्यांच्या जिवावर ते घर तगून राहिले त्या स्त्रियांचाही त्या विद्येत वाटा असतो, हे त्याच वेळी सांगितले पाहिजे. ‘निवेदन’ या आपल्या आत्मचरित्रात कोसंबींनी स्वतःचे दोष फारसे झाकलेले नाहीत, ही त्यांच्या बाजूची गोष्ट.

बुद्धाचा धर्म मुळातून समजून घ्यायचा, एवढे एकच ध्येय घेऊन ते निघाले. पण तो शिकावा कुठे आणि कोणत्या भाषेत, हे त्यांना कोणी नीट सांगू शकत नव्हते. पुण्यात डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांची भेट झाली. आधी संस्कृत शिकले पाहिजे एवढे उमगल्यावर ते ग्वाल्हेरमार्गे काशीस गेले आणि तेथे अन्नछत्रात जेवून शास्त्र्यांपाशी संस्कृत शिकले. १९०२ मध्ये ते पायपीट करीत नेपाळात पोहोचले. बुद्धाच्या जन्मभूमीच्या त्या देशात त्यांना जे पाहावयास मिळाले ते पशुबळींनी माखलेले होते, आणि ते निराश होऊन परतले. बुद्धगयेस एका भिक्खूंनी त्यांना वाट दाखवली: धम्माचा अभ्यास करायचा तर सिंहलद्वीपास जा. पैशाअडक्याविना, अनोळखी माणसांच्या दयेवर ते कलकत्ता आणि मद्रास करीत कोलंबोस पोहोचले. तेथील विद्योदय परिवेणात महास्थविर सुमंगल यांच्या हाताखाली त्यांनी श्रामणेर दीक्षा घेतली आणि पालीचा पहिला पाठ गिरवला. तेव्हा त्यांचे वय पंचवीस-सव्वीस वर्षांचे होते.

शिक्षक म्हणून आम्हांला या ठिकाणी थोडे थांबावेसे वाटते. दुसऱ्याची भाषा शिकणे म्हणजे काय, हे इथे दिसते. पाली शिकण्यासाठी आधी सिंहली अक्षरे शिकावी लागली. तिथले जेवण मानवेना, प्रकृती वारंवार बिघडे. पुढे ब्रह्मदेशात गेल्यावर तोच त्रिपिटक तिथल्या अक्षरांत वाचण्याचा अभ्यास करावा लागला. सगाईंगच्या टेकड्यांत त्यांनी ध्यानसाधना केली. त्या काळात जर्मन भिक्खू ञाणतिलोक हे त्यांचे सोबती होते. एक गोवेकर आणि एक जर्मन, दोघांची मातृभाषा निराळी, आणि त्या दोघांना एका ठिकाणी आणणारी भाषा पाली! मृत म्हणून जिची गणना होत होती ती भाषा अशी जिवंत होती.

१९०६ मध्ये कलकत्त्यास त्यांनी चीवर उतरवले. कारण साधे होते: मिळवलेली विद्या आपल्या लोकांत वाटायची होती, आणि चीवराचे नियम पाळून या देशात ते काम होण्यासारखे नव्हते. बहुभाषाकोविद हरिनाथ डे यांच्या साहाय्याने कलकत्त्याच्या राष्ट्रीय महाविद्यालयात व नंतर विद्यापीठात त्यांना पालीच्या अध्यापनाचे काम मिळाले. ज्याने स्वतः कोणतीही परीक्षा दिली नव्हती तो आता विद्यापीठात शिकवू लागला. तेथे पगार चांगला होता, मान होता, आणि तो सोडू नये असा आग्रहही झाला. पण त्यांचे मन महाराष्ट्राकडे ओढ घेत होते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी त्यांना कळवले की, महाराष्ट्रात कोठेही राहून अभ्यास व लेखन करणार असाल तर संस्थानातून दरमहा ५० रुपये देऊ. कोसंबींनी कलकत्ता सोडले. या पन्नास रुपयांवर मराठीतील बौद्ध वाङ्मयाचा पाया घातला गेला, असे म्हटल्यास ती अतिशयोक्ती ठरणार नाही. बडोद्यास दिलेल्या व्याख्यानांतून १९१० मध्ये त्यांचे ‘बुद्ध, धर्म आणि संघ’ हे पुस्तक झाले. सयाजीरावांचाच हात पुढे तीन वर्षांनी, १९१३ मध्ये, भीमराव रामजी आंबेडकर या तरुणाला कोलंबिया विद्यापीठात घेऊन गेला, हे आपल्या वाचकांना निराळे सांगावयास नको.

अमेरिकेत कोसंबी बाबासाहेबांच्या आधी पोहोचले होते. हार्वर्ड विद्यापीठाचे प्राध्यापक वुड्स यांची मुंबईत गाठ पडली आणि १९१० मध्ये आचार्य बुद्धघोषांच्या ‘विसुद्धिमग्ग’ या ग्रंथाच्या संपादनासाठी ते बोस्टनजवळच्या केंब्रिजला गेले. वॉरन या अमेरिकन अभ्यासकाने हे काम आरंभले होते आणि ते अपुरे ठेवून त्याचा अंत झाला होता. सिंहली आणि ब्रह्मी पोथ्यांतील पाठ ताडून पाहायचे, कोणते अक्षर मूळचे आणि कोणते लेखकाच्या हातून चुकलेले ते ठरवायचे, प्रत्येक उताऱ्याचे मूळ त्रिपिटकात शोधायचे, असे ते डोळे फोडणारे काम होते. बुद्धघोष हे मगधातले ब्राह्मण होते या परंपरागत कथेलाही त्यांनी याच अभ्यासाच्या बळावर आव्हान दिले. ग्रंथातल्या आतल्या पुराव्यावरून ते दक्षिणेकडले, तेलंग प्रदेशातले असावेत, असे त्यांचे मत झाले. पण ग्रंथावर कोणाचे नाव कसे यावे यावरून प्रोफेसर लॅनमन यांच्याशी मतभेद झाला आणि १९१२ मध्ये ते काम अर्ध्यावर ठेवून परतले. श्रम एकाचे आणि नाव दुसऱ्याचे हा अनुभव आपल्या समाजाला नवा नाही. कोसंबींनी तेथे मान तुकवली नाही, याची नोंद घेऊन आम्ही पुढे जातो. नंतर ते आणखी तीन वेळा हार्वर्डला गेले आणि १९३२ च्या सुमारास ते संपादन पुरे करूनच थांबले.

१९१२ ते १९१८ ही सहा वर्षे त्यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात पाली शिकवली. भांडारकरांच्या खटपटीने मुंबई विद्यापीठाने पालीला अभ्यासक्रमात स्थान दिले होते. पण स्थान मिळाले म्हणजे विद्यार्थी मिळतात असे नाही, हे आम्ही शिक्षक चांगले जाणतो. संस्कृतची प्रतिष्ठा मोठी, पालीला नोकरीच्या बाजारात किंमत नाही, आणि वर्गात ठेवायला देवनागरीतले धड पुस्तकही नाही. कोसंबींनी विद्यार्थी थोडे असले तरी ते घडवले. पुरुषोत्तम विश्वनाथ बापट हे त्यांपैकी एक, ना. के. भागवत हे दुसरे. देवनागरीत पाली ग्रंथ छापण्याची जी परंपरा पुढे मुंबई-पुण्यात रुजली तिचे मूळ या छोट्या वर्गात आहे.

देवनागरीचा हा आग्रह किरकोळ वाटेल. तो तसा नाही. पाली रोमन लिपीत राहिली असती तर ती इंग्रजी शिकलेल्यांचीच राहिली असती. देवनागरीत ती समोर आली की मराठी मुलाला तिच्यातली नाती आपोआप दिसू लागतात. ‘हत्थ’ म्हणजे हात, ‘दुद्ध’ म्हणजे दूध, ‘अग्गि’ म्हणजे आग, ‘रत्ति’ म्हणजे रात. ‘सत्त’, ‘अट्ठ’ मोजताना तर पाचवीतले पोरही सात, आठ म्हणून मोकळे होते. आमच्या वर्गात आम्ही हा खेळ पुष्कळदा खेळतो. ज्या मुलांना संस्कृतची विभक्ती-रूपे पाहून घाम फुटतो ती मुले पालीजवळ निर्धास्त बसतात, कारण ती त्यांच्या आजीच्या बोलीला जवळची वाटते. तथागतांनी सामान्य जनांच्या भाषेत उपदेश केला हे वाक्य आपण भाषणांत नेहमी म्हणतो. त्याचा प्रत्यय मात्र अशा चार शब्दांतच येतो.

कोसंबींनी भाषेचा उपयोग केवळ भाषांतरासाठी केला असता तरी आपण त्यांचे ऋणी राहिलो असतो. त्यांची खरी थोरवी त्यांच्या प्रश्नात आहे. कोणतीही कथा समोर आली की ते विचारीत: हे कोणत्या सुत्तात आहे, आणि ते सुत्त किती जुने आहे? बुद्धाच्या गृहत्यागाची कथा घ्या. म्हातारा, रोगी, प्रेत आणि संन्यासी अशी चार दृश्ये पाहून सिद्धार्थ विरक्त झाला आणि मध्यरात्री झोपलेल्या पत्नी-पुत्रांना सोडून गुपचूप निघून गेला, ही कथा आपण सर्वांनी ऐकली आहे, चित्रांत पाहिली आहे. कोसंबींनी दाखवून दिले की, दीघनिकायातील महापदान सुत्तात ही चार दृश्ये विपस्सी नावाच्या पूर्वीच्या बुद्धाच्या संदर्भात येतात आणि मागाहून ती गोतमाच्या चरित्रात शिरली. उलट मज्झिमनिकायातील अरियपरियेसन सुत्तात तथागत स्वतःच्या तोंडून सांगतात ती हकीकत अगदी साधी आहे: आईवडील रडत असताना, त्यांच्या देखत, त्यांनी केस उतरवून घर सोडले. म्हणजे रात्रीची ती लपूनछपून केलेली वाट सर्वांत जुन्या साक्षीत नाहीच. तसेच शुद्धोदन हा मोठा महाराजा होता ही समजूतही त्यांनी तपासून पाहिली आणि तो शाक्यांच्या गणसत्तेतला एक शेतीवाडीवाला राजा होता असा निष्कर्ष काढला.

मग गृहत्यागाचे कारण काय? यासाठी ते सुत्तनिपातातील अत्तदण्ड सुत्ताकडे गेले. शस्त्र हाती घेण्यातून भय उपजते आणि थोड्या पाण्यातल्या माशांसारखी माणसे एकमेकांच्या विरोधात तडफडतात, हे पाहून आपले मन उबगले, अशा आशयाचे आत्मकथन त्या सुत्तात आहे. रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात पेटणाऱ्या भांडणांशी कोसंबींनी त्याचा संबंध जोडला. १९४० आणि १९४१ मध्ये नागपूरहून दोन भागांत प्रसिद्ध झालेल्या ‘भगवान बुद्ध’ या त्यांच्या ग्रंथात हे सारे विवेचन आहे. त्यातील मांसाहारविषयक प्रकरणावरून काही लोक खवळले. कोसंबींनी आपला पुरावा मागे घेतला नाही.

इतिहासाचे अभ्यासक म्हणून त्यांचे आणखी एक काम आम्हांला फार मोलाचे वाटते. राजस्थानात बैराटजवळ सापडलेल्या, भाब्रूचा म्हणून ओळखल्या जाणाऱ्या शिलालेखात सम्राट अशोकाने सात धर्मग्रंथांची नावे दिली आहेत आणि भिक्खू-भिक्खुणींबरोबरच उपासक-उपासिकांनीही ते वारंवार ऐकावेत व त्यांवर विचार करावा अशी इच्छा व्यक्त केली आहे. ही सात नावे आजच्या त्रिपिटकातील कोणत्या सुत्तांची, हा प्रश्न विद्वानांना पडला होता. कोसंबींनी १९१२ मध्ये त्यावर लेख लिहून आपली ओळख पटवली. काही ओळखींविषयी मतभेद आहेत आणि राहतील. पण त्या लेखामुळे एक गोष्ट ठळकपणे समोर आली: अशोकाच्या दृष्टीने ऐकणे आणि विचार करणे हे उपासकाचेही कर्तव्य होते. गाथा पाठ म्हणायच्या आणि अर्थ भन्तेजींवर सोपवायचा, ही आपली सध्याची सोय त्यात बसत नाही. आपल्या विहारांत, लग्नात, पुण्यानुमोदनात म्हटल्या जाणाऱ्या पाली शब्दांचा अर्थ किती घरांत ठाऊक असतो, हा प्रश्न या निमित्ताने आम्ही वाचकांपुढे ठेवतो. उत्तर ज्याचे त्याने द्यावे.

बाबासाहेबांना बुद्धाची पहिली ओळख १९०७ मध्ये कृष्णराव अर्जुन केळुसकर गुरुजींनी भेट दिलेल्या त्यांच्या मराठी बुद्धचरित्राने झाली, हे सर्वश्रुत आहे. पुढे ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ लिहिताना बाबासाहेबांनीही चार दृश्यांची कथा नाकारली आणि रोहिणीच्या पाण्याचा तंटा गृहत्यागाच्या मुळाशी ठेवला. दोघांत फरकही आहे आणि तो झाकू नये. कोसंबी ग्रंथाच्या पाठापाशी थांबतात. बाबासाहेब संघाची सभा, युद्धाचा ठराव, त्याला सिद्धार्थाने केलेला विरोध आणि त्यामुळे ओढवलेला प्रसंग अशी रचना करून त्यातून नीतीचा आणि राज्यशास्त्राचा प्रश्न उभा करतात. एकाची बैठक भाषाशास्त्राची, दुसऱ्याची समाजक्रांतीची. परंतु परंपरेने दिलेली गोष्ट तपासल्यावाचून घ्यायची नाही, ही दोघांची शिस्त एकच होती. बाबासाहेबांनी स्वतः पालीचा शब्दकोश आणि व्याकरण यांवर किती परिश्रम घेतले होते ते महाराष्ट्र शासनाने प्रकाशित केलेल्या त्यांच्या समग्र साहित्याच्या सोळाव्या खंडात कोणालाही पाहता येईल.

कोसंबींविषयी आपल्या लोकांच्या मनात एक अढी आहे. ते गांधीजींच्या वर्तुळातले होते. अहमदाबादच्या गुजरात विद्यापीठात त्यांनी अध्यापन केले, १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहात भाग घेऊन तुरुंगवास भोगला. ज्या काळात बाबासाहेब अस्पृश्यांच्या स्वतंत्र राजकीय हक्कांसाठी झुंजत होते त्या काळात कोसंबी दुसऱ्या गोटात होते, हे सत्य आहे. १९३७ मध्ये मुंबईच्या परळ भागात, गिरणगावातील कामगार आणि दलित वस्तीसाठी त्यांनी ‘बहुजन विहार’ उभारला, तोही बिर्लांच्या देणगीतून. आमचे मत असे की, विहार कोणाच्या पैशाने उभा राहिला याची चिकित्सा जरूर करावी. पण साऱ्या युरोप-अमेरिकेत मान्यता पावलेला, रशियात लेनिनग्राडच्या पंडितांत वावरलेला साठीचा आचार्य गिरणी कामगारांच्या वस्तीत मुक्कामाला येऊन राहिला, हेही त्याच कागदावर लिहावे. धम्म पंडितांच्या कपाटातून बाहेर काढून कष्टकऱ्यांच्या दारी नेला पाहिजे, हे धम्मदीक्षेच्या एकोणीस वर्षे आधी त्यांना उमगले होते. तो प्रयत्न वाढला नाही. ज्यांचा धम्म त्यांनीच तो हाती घ्यावा लागतो, आणि ते १९५६ मध्ये नागपुरास घडले.

उतारवयातही लेखणी थांबली नव्हती. ‘विसुद्धिमग्ग’ त्यांनी १९४० मध्ये मुंबईच्या भारतीय विद्याभवनातर्फे देवनागरीत प्रसिद्ध केला. अभिधम्मत्थसंगहावर त्यांनी ‘नवनीतटीका’ लिहिली, आणि तीही पालीत. नवनीत म्हणजे लोणी. अभिधम्माचा अवघड विषय लोण्यासारखा मऊ करून विद्यार्थ्याच्या हाती द्यावा, हा शिक्षकाचा कळवळा त्या नावात आहे. विसाव्या शतकात पाली भाषेत नवी टीका लिहिणारे भारतीय हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. ज्याला शाळेने चार यत्तांपलीकडे फारसे काही दिले नाही तो त्यांत बसतो.

शेवटची वर्षे आजारांत गेली. देह निरुपयोगी झाला, आता इतरांवर भार होऊन राहू नये, असे त्यांच्या मनाने घेतले आणि १९४६ मध्ये उत्तर प्रदेशातील दोहरीघाट येथे त्यांनी प्रायोपवेशन आरंभले. गांधीजींच्या आग्रहावरून ते थांबवले. पण प्रकृती सावरली नाही. अखेर सेवाग्राम आश्रमात अन्न सोडून ४ जून १९४७ रोजी त्यांनी देह ठेवला. अंत्यविधीवर कमीत कमी खर्च व्हावा, एवढीच त्यांची इच्छा होती. देह असा सोडणे बुद्धाच्या मध्यम मार्गात बसते का, याविषयी आम्हांला शंका आहे आणि ती आम्ही लपवीत नाही. त्यांच्या स्मरणार्थ पाली शिकण्यासाठी काही विद्यार्थ्यांना सिंहलद्वीपास पाठवावे, अशी कल्पना तेव्हा पुढे आली होती. स्मारक म्हणून एखाद्या भाषेचे विद्यार्थी, ही कल्पना मात्र त्यांच्या आयुष्याला शोभणारी होती.

हार्वर्डचा ‘विसुद्धिमग्ग’ त्यांच्या मृत्यूनंतर तीन वर्षांनी, १९५० मध्ये छापून आला. मुखपृष्ठावर वॉरन यांच्या नावासोबत धर्मानंद कोसंबी हे नाव आहे. इतिहासकार म्हणून जगाला माहीत असलेले त्यांचे चिरंजीव दामोदर कोसंबी यांच्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून येथे विस्तार करीत नाही. फर्ग्युसनच्या त्या वर्गातले विद्यार्थी प्राध्यापक बापट यांनी गुरूचाच विषय पुढे नेला. ‘विमुत्तिमग्ग’ आणि ‘विसुद्धिमग्ग’ यांचा तौलनिक अभ्यास करून ते स्वतः जगन्मान्य पंडित झाले. बुद्धाच्या महापरिनिर्वाणाला अडीच हजार वर्षे झाली म्हणून भारत सरकारने १९५६ मध्ये बौद्ध धर्माच्या अडीच हजार वर्षांवरचा जो ग्रंथ काढला त्याचे संपादक बापटच होते. त्याच वर्षीच्या १४ ऑक्टोबरला नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो माणसांनी मराठी उच्चारांत पाली त्रिशरण म्हटले.